भोवऱ्याचं बोट

मैदानावर मला सगळे 'पंच' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात मानाचं काही नाही. आमच्या रविवारच्या लीगमध्ये पंच बाहेरून येत नाहीत. जो संघ बॅटिंग करत असतो, त्याच्यातल्याच आउट झालेल्या माणसांनी आळीपाळीने पांढरा कोट चढवायचा आणि जाऊन उभं राहायचं. आता जो माणूस दर रविवारी चार-दोन रन काढून परत येतो, त्याच्याच अंगावर तो कोट सगळ्यात जास्त राहणार, हे काय सांगायला पाहिजे? बावीस वर्षं मी तिसऱ्या नंबरवर खेळतोय. त्यातली वीस तरी कोटात गेली असतील.

कोट मीच धुतो, मीच इस्त्री करतो, कारण मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. त्याच्या खिशात सहा बटणं असतात, रुग्णांच्या कपड्यांवरून गळून पडलेली. एक बॉल झाला की एक बटण या खिशातून त्या खिशात टाकायचं, म्हणजे ओव्हर चुकत नाही. आठवड्याचे सहा दिवस मी चादरींच्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरसमोर उभा असतो. एका बाजूने ओली चादर द्यायची, दुसऱ्या बाजूने मावशी ती काढून घडी घालतात. वाफ, आवाज आणि उभं राहणं. पाय संध्याकाळी माझे राहत नाहीत. बायको त्याच हॉस्पिटलात फोनवर बसते. दिवसभर लोकांना "थांबा हं, लावून देते" म्हणून म्हणून ती घरी येते, तेव्हा आमच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं. दोघं शेजारी बसतो, पाय वर घेतो आणि भिंतीकडे बघतो. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

म्हणून मला रविवार हवा असतो. दुसरं काही नाही.

फास्ट बोलरला मी कधी घाबरलो नाही. तो विचार करायला सवडच देत नाही. बॉल आला, बॅट गेली, विषय संपला. माझं वाटोळं केलंय ते फिरकीवाल्यांनी. फिरकीवाला वेळ देतो. बॉल हवेत आहे, अजून हवेत आहे, आता पडेल, मग वळेल की नाही ते बघू. आणि थकलेल्या माणसाला वाट बघणं जमत नाही हो. त्याला एकदाचं काय ते ठरवून मोकळं व्हायचं असतं. मी बॉल हातातून सुटायच्या आधीच ठरवलेलं असायचं की आता स्वीप मारायचा, आता पुढे जाऊन उचलायचा. मग दांडी गुल, नाहीतर कीपरच्या हातात कॅच. परत या, कोट घाला.

तर त्या बुधवारी संध्याकाळी माझा मेव्हणा घरी आला. बायकोचा धाकटा भाऊ, लाँड्रीच्या स्टोअरला असतो आणि गेली चार वर्षं आमच्या हॉस्पिटलच्या संघाचा कॅप्टन आहे. त्याला कामाला मी लावला, संघात मी आणला, पहिली बॅट त्याला मी दिली. पोटभर जेवला, बहिणीच्या हातचं कौतुक केलं आणि हात धुता धुता म्हणाला की पुढच्या वर्षी लीगला चौदाच नावं द्यायची आहेत आणि बॉयलरकडची दोन पोरं चांगली खेळतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, तुमच्याइतका सरळ पंच अख्ख्या लीगमध्ये नाही. पुढच्या वर्षीपासून तुम्ही कायमचाच कोट घ्या की."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मला इतका राग आला की जिभेवर दोन-चार शब्द आलेही होते. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार? मी एवढंच म्हणालो की रविवारचा शेवटचा सामना मला खेळू दे. तो घुटमळला. बहीण दारात येऊन उभी राहिली तेव्हा हो म्हणाला, पण अट घातली. रन किती काढता ते सोडा, म्हणाला, टिकून सामना संपवून या. संपवलात तर यादीत पहिलं नाव तुमचं. नाहीतर कोट.

तो गेल्यावर बायकोने विचारलं की रविवारी समोर कोण आहे. मी म्हटलं, औषधवाले. ती म्हणाली, "म्हणजे भोवरा," आणि भांडी घासायला परत गेली. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण ते नाव आमच्या घरात बावीस वर्षं शिव्यांसकट ऐकलं गेलंय.

भोवरा म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरला असतात ते. अठ्ठावन्न वर्षांचे, काटकुळे, चष्मा दोरीने बांधून खेळतात. ऑफस्पिन टाकतात. एकेकाळी त्यांचा बॉल ऑफच्या बाहेर पडून असा आत वळायचा की लोकांनी नावच भोवरा ठेवलं. सगळे फील्डर लेगला उभे करायचे, एक तर अगदी बॅटच्या नाकाशी आणून बसवायचा, बोटाला थुंकी लावायची आणि हळूहळू चालत यायचं. ते एवढं सगळं होईपर्यंत समोरचा माणूस अर्धा मेलेला असायचा. मला त्यांनी किती वेळा काढलंय ते त्यांनाही आठवत नसेल.

पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला माहीत होती आणि ती जगात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती.

याच वर्षीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी मला दोन रनवर काढलं. बॉल आत वळेल म्हणून मी बॅट आत नेली, तो सरळ गेला, बॅटची कड लागली आणि कीपरने कॅच घेतला. मी नेहमीसारखा कोट चढवला आणि त्यांच्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. पंचाला बोलरचा हात जितका जवळून दिसतो तितका देवालाही दिसत नसेल. पाचव्या की सहाव्या ओव्हरला माझ्या लक्षात आलं की यांचं अंगठ्याजवळचं पहिलं बोट मिटतच नाही. खुंटीसारखं ताठ. ज्या बोटाने बॉल पिळायचा ते बोटच मेलेलं. बॉल नुसता तळहातातून ढकलला जायचा आणि पडून सरळ जायचा. एकही वळला नाही. आणि आमची माणसं लेगला उभी केलेली ती फौज बघायची, ते नाव आठवायची आणि न वळणाऱ्या बॉलला वळेल म्हणून खेळून आउट व्हायची. चार जण गेले तसे. मी खिशातली बटणं हलवत बघत राहिलो.

मग पंधरा दिवसांनी गुडघ्याला लावायचं तेल आणायला दुकानात गेलो. त्यांनी बाटली काढून दिली. मी म्हटलं वास कसा आहे बघू. त्यांनी झाकणाला हात लावला, थांबले आणि बाटली माझ्यापुढे सरकवून म्हणाले की तुम्हीच उघडा, माझे हात जरा तेलकट आहेत. हात कोरडे ठणठणीत होते.

मी कोणाला बोललो नाही. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही. दयेपोटी वगैरे काही नव्हतं त्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. ते मला रविवारसाठी ठेवायचं होतं.

गुरुवारपासून मी जेवणाच्या सुट्टीत सराव सुरू केला. घडीच्या टेबलामागे दहा पावलं मोकळी जागा आहे. मावशींना म्हटलं, ओल्या टॉवेलची गाठ मारून माझ्याकडे सावकाश टाका. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, मग टाकायला लागल्या. ओल्या टॉवेलला जोरात मारून काही होत नाही. नुसतं पाणी अंगावर उडतं. हात सैल ठेवले तर तो पायाशी मुकाट पडतो. एवढं तर मी शिकलो. पाऊल एकतर पुरतं पुढे टाकायचं, नाहीतर पुरतं मागे न्यायचं, अधांतरी राहायचं नाही, हेही कळलं. पण मावशी दुसऱ्या दिवशी कंबर धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी टाकायच्या आधीच तुम्ही मारून मोकळे होता. एवढी कसली घाई आहे? अजून वीस मिनिटं आहेत घंटेला."

मी म्हटलं, बरं. आणि खरंच वाटलं की समजलं मला.

रविवारी औषधवाल्यांनी एकशे चौतीस केले. आमचा पहिला गडी लवकर गेला आणि मी आत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाय आदल्या दिवशीच्या उभं राहण्याने भरून आले होते. आठव्या ओव्हरला भोवऱ्यांनी बॉल घेतला. तोच सगळा थाट. फील्डर लेगला हाकलले, एकाला माझ्या नाकाशी आणून बसवला, बोटाला थुंकी लावली. मी नजर त्यांच्या हातावर ठेवली. बोट ताठ. मी डावं पाऊल पुढे टाकलं आणि बॉलला सरळ बॅटने ऑफला नुसता रस्ता दाखवला. तिकडे चिटपाखरू नव्हतं. चार.

अहो, काय सांगू तुम्हाला. इतकं सोपं असतं हे? पुढच्या सहा ओव्हर मी नावाशी खेळलो नाही, त्या फौजेशी खेळलो नाही, समोर आलेल्या बॉलशी खेळलो. चांगला आला तर पायाशी पाडला, एक रन मिळाला तर पळालो, आखूड आला तर मागे जाऊन ढकलला. समोरच्या बाजूला विकेट पडत होत्या, मेव्हणाही सात रनवर परत गेला आणि कोट घालून माझ्यासमोर पंच म्हणून उभा राहिला. हे बघून तर मला फारच बरं वाटलं. मनात म्हटलं, घे, तूही बघ जरा कोटातून कसं दिसतं ते. माझे सत्तेचाळीस झाले होते. इतके रन मी कधी काढले होते ते मला आठवत नव्हतं. जिंकायला सात हवे होते, तीन विकेट शिल्लक होत्या.

दुसऱ्या बोलरची ओव्हर संपली तशी भोवरे माझ्या बाजूने चालत आले, चष्मा पुसत थांबले.

"पंच," ते हळूच म्हणाले, "कधी कळलं?"

मी साळसूदपणे काय म्हणून विचारणार होतो. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही. म्हटलं, "मागच्या वेळी. तुमच्या मागे उभा होतो."

"कोणाला बोललात?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनीही मान हलवली आणि गेले. तेवढ्या वेळात मला दिसलं की त्या माणसाचा चेहरा शनिवारी संध्याकाळी माझा असतो तसा झालाय. त्यांचा कॅप्टन, एका दुकानदाराचा तरणा मुलगा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता. शब्द कळले नाहीत, पण ते कळायची गरज नव्हती. बुधवारी माझ्या घरात जेवून हात धुताना मला जे सांगितलं गेलं, तेच असणार. काका, आता बस करा. भोवऱ्यांनी एक बोट वर केलं. ते ताठ बोटच. एक ओव्हर द्या, म्हणत असणार. त्याने नाइलाजाने दिली.

मला त्यांची कीव आली का? आली. पण माझा रविवार त्याहून मोठा होता. मी ठरवलं की हीच ओव्हर. दोन चौकार आणि घरी.

पहिले तीन बॉल सरळ आले, मी ते मान देऊन पाडले. चौथ्या बॉलला ते चालायला लागण्याआधी बराच वेळ थांबले. पाठ माझ्याकडे होती. मग वळले तेव्हा मला दिसलं, स्वच्छ दिसलं, की डाव्या हाताने त्यांनी ते बोट धरून बॉलवर दाबून मिटवलंय. खुंटी मोडावी तसं. मी बघितलं. डोळे हातावरच होते माझे, सगळं शिकलेलं केलं होतं मी. पण बॅट आधीच निघाली होती. मी ठरवून बसलो होतो की यांचा बॉल वळत नाही. बॉल सुटताना त्यांच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज आला, बॉल ऑफच्या बाहेर पडला आणि असा आत वळला की बॅट आणि पॅडच्या मधून पूर्ण माणूस गेला असता. मधली दांडी मागे जाऊन पडली.

मी पडलेल्या दांडीकडे बघत राहिलो. आधी मी नावाला घाबरून आधीच ठरवायचो, आता बातमी कळली म्हणून आधीच ठरवलं. मावशींनी सांगितलेलं डोक्यातून कुठे गेलं होतं कोण जाणे. रडू आलं मला, खरंच आलं. पण त्याच्याबरोबर एक वेडं काहीतरी वाटत होतं, की आज निदान खऱ्या बॉलने गेलो. बाकी सगळे टाळ्या देत त्यांच्याकडे धावले. त्यांनी उजवा हात काखेत धरला होता आणि सगळ्यांना डाव्या हाताने टाळ्या देत होते.

उरलेल्या तिघांचे मिळून तीन रन झाले. हरलो.

संध्याकाळी मेव्हणा माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. बॅग त्याने उचलली होती, तेवढा मान ठेवला. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाला की मीही आज कोट घालून मागे उभा होतो, आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. शेवटचा एक सोडला तर बॉल सरळच येत होते. तुम्ही ते ओळखून खेळत होता.

"भाऊजी, खरं सांगा," तो म्हणाला, "भोवऱ्याचा बॉल आता वळतच नाही ना? तसं असेल तर अट गेली खड्ड्यात. पुढच्या वर्षी तुम्हीच सगळ्यांना शिकवायचं त्याला कसं खेळायचं ते. नाव पक्कं तुमचं."

यादीचा कागद त्याच्या खिशात होता. मला तो दिसत होता. एक 'नाही' म्हटलं की झालं. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याच शब्दाला इतकी किंमत आली नव्हती. माझे गुडघे दुखत होते आणि मला फक्त बसायचं होतं.

"वळतो," मी म्हणालो. "माझी मधली दांडी काय वाऱ्याने उडाली?"

मग बॅग खाली ठेवून त्याने चेन उघडली, कोट काढला आणि माझ्या हातात दिला. दारातून बायको बघत होती. पाणी तापवायला ठेवलंय एवढंच म्हणाली.

सोमवारी कामावर जाताना मी दुकानात गेलो. भोवऱ्यांच्या बोटाला लाकडी पट्टी बांधलेली होती. मी तेल मागितलं. त्यांनी बाटली पुढे सरकवली आणि मी झाकण उघडून, वास घेऊन, परत लावलं.

"विचारलं तुमच्या कॅप्टनने?" त्यांनी हळूच विचारलं.

"विचारलं. वळतो म्हटलं."

ते बराच वेळ काउंटर पुसत राहिले. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"एकच होता तो, पंच. आता पुन्हा नाही व्हायचा माझ्याने."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी तुमच्या मागेच उभा असेन मी, पहिल्या ओव्हरपासून."

त्यांनी मान हलवली, तेलाची बाटली कागदात गुंडाळली आणि डाव्या हाताने माझ्याकडे दिली.